टिपांचा रकाना

मला भीती वाटली की राग येतो. घरात हे ठाऊक आहे, ऑफिसातही आता कळलंय. त्या दिवशी सकाळपासून मी तिघांवर खेकसले होते, कारण दुपारी चारला आमच्या खेळाची मराठी पुण्याच्या तपासनीस बाईंकडे जायची होती, आणि ती मराठी माझी नव्हतीच.

म्हैसुरात बन्नीमंटपच्या बाजूला आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही व्हिडिओ गेम बनवतो. पडद्यावर जे काही वाचायला येतं, बटणावरच्या शब्दापासून नावाड्याच्या बोलण्यापर्यंत, ते सगळं एका लांबच लांब शीटमध्ये असतं. एका ओळीत एक वाक्य, शेजारच्या रकान्यांत त्याची कन्नड, तमिळ, हिंदी, मराठी. ते शीट सांभाळणं माझं काम. मराठी कुणाला येते असं विचारलं तेव्हा मी बिनधास्त हात वर केला. आम्ही पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचे, पण घरात मराठीच बोलतो. म्हणजे कशी, तर दाराला बागिलु म्हणायचं, वाऱ्याला गाळी, आणि वर म्हणायचं की आम्ही मराठी!

पन्नास ओळींतच माझं पितळ उघडं पडलं. मग अप्पांना गाठलं. अप्पा नजरबादच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून दिवसभर पेपर घेऊन बसलेले. त्यांची मराठी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. शीट घरी नेलं आणि जुना लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला. खेळातला मजकूर बाहेर कुणाला दाखवणार नाही अशी सही मी करून दिली होती. हे कुणाला कळलं असतं तर नोकरी गेलीच असती.

"अडलं की शेजारी टिपांचा रकाना आहे, तिथे लिहा अप्पा. मी बघेन."

"सरि, पुट्टी."

चाळिशी उलटली तरी मी त्यांची पुट्टीच, म्हणजे छोटी मुलगी. दोन महिने ते एका बोटाने टाइप करत राहिले. मी रोज मराठीचा रकाना उचलायची आणि ऑफिसच्या शीटमध्ये चिकटवायची. टिपांचा रकाना एकदाही उघडला नाही. वेळ नव्हता, असं म्हणायचं. खरं म्हणजे कंटाळा.

अकराच्या सुमारास साहेबांनी मराठी खेळ मोठ्या पडद्यावर लावला. त्यांना मराठी येत नाही, हिंदीमुळे अक्षरं तेवढी वाचतात. मजकूर चौकटीत मावतो की नाही, एवढंच बघायचं होतं. खेळातली मुलगी नदीकाठाने निघाली, नावाडी तिच्याशी झकास मराठीत बोलला. दोन टप्पे सुरळीत पार पडले. मी खुर्चीत जरा टेकले.

तिसऱ्या टप्प्यात मुलीने भिंतीजवळची शिडी उचलली. चौकटीत अक्षरं उमटली: "एणि. मराठीत काय ते? काल येत होतं."

हे तर अप्पांचे शब्द!

"एणि?" साहेब हसले. "आमच्या कन्नडातही हिला एणिच म्हणतात. मराठीतही तेच?"

"हो सर," मी म्हटलं. "आमच्याकडे तसंच म्हणतात."

मुलगी होडीत बसली. नावाडी म्हणाला: "हे वाक्य तीनदा वाचलं. शेवटाला येईतो सुरुवात जाते."

"बघा, एवढं लांब वाक्य, तरी मावलं!" साहेब खूश. त्या खोलीत मराठी कळणारी मी एकटीच. मुलीने कंदील हातात घेतला: "कन्नडातसुद्धा नाव येईना. पेटवतात तो." मग ती एका बंद दारापाशी थांबली, आणि हातभर मोठ्या अक्षरांत आलं: "पुट्टी टिपा वाचत नाही वाटतं. बरंच आहे. घाबरेल."

"ही पुट्टी कोण?" साहेबांनी विचारलं.

"खेळातलीच मुलगी! सगळं मावतंय ना सर? मग सोडा मला, चारच्या आत हात फिरवायचाय शीटवर!"

बिचाऱ्यांनी पडदा बंद केला. मी जागेवर येऊन अप्पांची फाइल उघडली. पहिल्या काही शे ओळींना टीपच नव्हती. मग कुठे एखादी: "दोर. उशिरा आठवलं." मग पाचसहा ओळींआड, मग दर ओळीला. आणि शेवटी शेवटी टिपा आपला रकाना सोडून मराठीच्या रकान्यात शिरल्या होत्या. कुठे काय लिहायचं, हेही त्यांना उमगेनासं झालं होतं.

घरात ते "एणि आण" म्हणाले असते तर मला काय कळणार होतं? आम्ही सगळेच तसं बोलतो. मराठी शब्द सुटला की कन्नड पकडायचा, कोण बघतंय! अप्पांचे शब्द गळत होते आणि आमच्या असल्या बोलण्यात ते बेमालूम झाकून जात होतं. पण कन्नडातसुद्धा नाव येईना? नोकरीचं भय कुठल्या कुठे गेलं.

चारच्या आत त्या ओळी मी भरल्या. साहेबांसमोर बसल्यापासून मलाही 'शिडी' हा शब्द आठवत नव्हता, शब्दकोश काढावा लागला. तेव्हा तर रडूच यायचं बाकी होतं. ऑफिसात कुणालाच काही कळलं नाही.

शांतपणे बोलायचं असं वाटेत दहादा ठरवलं होतं. चपला काढायच्या आतच ओरडले, "तोंडाने सांगता येत नव्हतं, अप्पा?"

अप्पांनी पेपर खाली ठेवला. "वाचलंस होय?" ते म्हणाले. "रागावू नको गं. भीती वाटली मला."

"मला पण वाटतेय," मी म्हटलं आणि त्यांच्या खुर्चीपाशी खालीच बसले.

त्यांनी पेपरची घडी घातली. मग ते म्हणाले, "ती काय गं... भिंतीला लावून चढतात ती?"

"शिडी."

"शिडी. शिडी." त्यांनी दोनदा घोकलं. "उद्या कॉफीच्या वेळी मीच म्हणून दाखवतो. तू विचारायचं नाही हं. माझं मी सांगेन."

सकाळी कॉफी घेऊन मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी पेपर वाचला, कॉफी संपवली, पेला स्वतः विसळून पालथा घातला आणि म्हणाले, "आज शीट नाही वाटतं?" मी म्हटलं, नाही. शिडीचं नाव न काढताच ते आंघोळीला गेले. विचारायचं नाही असं त्यांनीच बजावलं होतं. पण बजावलं नसतं, तरी मी विचारलं नसतं.