गिटारचं वेगळं, पेटीचं वेगळं

जगात भांडायला कारणं कमी आहेत असं मी म्हणणार नाही, आणि आमच्या या सीमेवरच्या मुलखात तर मुळीच नाही. इथे पाटीवरून भांडतात, पाण्यावरून भांडतात, शेताच्या बांधावरून तर पिढ्यान्‌पिढ्या भांडतात. पण ज्या गोष्टीतला फरक आजूबाजूच्या गावांत कुणाला ऐकूसुद्धा येत नाही, तिच्यावरून उभा जन्म संतापलेला माणूस खानापुरापासून निपाणीपर्यंत एकच, आणि तो माझा धाकटा दीर. लग्न केलं नाही, त्यामुळे जेवायला माझ्याकडे. आणि जेवायला माझ्याकडे, त्यामुळे तो सगळा संताप आमटीबरोबर माझ्याच वाट्याला.

भावजी वडगावात आमच्या शेजारच्याच घरात राहतात, घरातल्या पॉवरलूमवर साड्या काढतात आणि काळोखी रॉक ऐकतात. काळोखी हा शब्द माझा. त्यांना तो मान्य नाही. तरुणपणी ते गोव्यात समुद्राकाठच्या एका हॉटेलात कामाला होते. तिथे डोळ्यांत काजळ घातलेला कुणी उंच गोरा पाहुणा मुक्कामाला होता. जाताना सामान हलकं करायचं म्हणून त्याने पिशवीभर कॅसेटी यांच्या हातात ठेवल्या आणि गेला विमानात बसून. तो पाहुणा मला कुठे भेटला तर दोन शब्द सुनावल्याशिवाय सोडणार नाही. परगावी कामाला गेलेली माणसं काय काय घेऊन आली, कुणी मोटारसायकल आणली, कुणी बायको आणली. आमच्या भावजींनी पिशवीभर अंधार आणला. तेव्हापासून अंगात काळा शर्ट, काळी पँट, पायात काळी चप्पल. दिवसभर मागावर पोपटी नाहीतर राणी रंगाची साडी, आणि संध्याकाळी त्या काळ्या शर्टावर पोपटी-राणी धाग्यांचा कचरा. सासूबाई होत्या तोवर रोज विचारायच्या, कुणाचं सुतक पाळतोस रं? संक्रांतीला सगळं गाव काळं नेसतं, त्या एका दिवशी तरी हा माणूस चारचौघांसारखा दिसेल म्हणावं, तर त्या दिवशी भावजी पांढराफेक सदरा घालून बाहेर पडतात. का, तर आज सगळेच काळे, मग माझा काळा कुणाला कळणार.

एक नोव्हेंबरला तर कमालच. त्या दिवशी आमच्याकडची मराठी माणसं, आम्हाला कर्नाटकात घातलं त्याचा निषेध म्हणून, काळे कपडे घालून फेरी काढतात. भावजी आपले सूत आणायला निघालेले. चौकात पोलिसाने अडवलं आणि कानडीत विचारलं, काळे कपडे कशाला? भावजींनी कानडीतच सांगितलं की मी बारा महिने काळे घालतो, त्याचा याच्याशी संबंध नाही, आणि कशाशी संबंध आहे तेही सांगायला लागले. पोलिसाने बराच वेळ ऐकून घेतलं आणि शेवटी हात जोडले. तेवढ्यात फेरीतल्या मंडळींनी कौतुकाने हाक मारली, या अण्णा, आमच्यात या. भावजी त्यांनाही म्हणाले की तुमचा काळा वेगळा, माझा काळा वेगळा. झालं, दोन्हीकडची बोलणी खाऊन सूत न आणताच घरी. मी म्हटलं, भावजी, एखाद्या बाजूचे तरी व्हा. तर माझ्यावरच उखडले.

कुणी म्हणालं की तुमचे दीर इंग्रजी गाणी ऐकतात, की पहिली ठिणगी पडते. इंग्रजी गाणी म्हणजे काय? उद्या इरकलीला आणि शालूला कुणी नुसतं लुगडं म्हटलं तर चालंल का वैनी? आणि इथे मात्र त्यांचं मला पटतं, कारण साड्यांच्या दुकानात चांगल्या शिकलेल्या बायका इरकल हातात घेऊन, हे सिल्क कितीला, असं विचारतात तेव्हा माझंही डोकं फिरतं. म्हणून मी ऐकत गेले. भाकरी थापता थापता मला ही सगळी विद्या आली. मागितली नव्हती, तरी आली. पोस्ट-पंक ही सगळ्यांची आई. तिची थोरली लेक गॉथ रॉक: तिच्यात पुढे चालतो तो बेस, म्हणजे जाड तारांचा आवाज, मागे गिटार विहिरीत बोलल्यासारखी घुमते, आणि गाणारा बाप्या धान्याच्या कणगीत तोंड घालून गातो. डेथरॉक म्हणजे तीच, पण अंगात आलेली. डार्कवेव्हमध्ये गिटार जाते आणि कीबोर्ड येतो, त्याला भावजी तुच्छतेने विजेची पेटी म्हणतात. कोल्डवेव्ह म्हणजे तीच पेटी, पण वाजवणाऱ्याला हुडहुडी भरलेली. इमो म्हणजे प्रेमात आपटलेली कॉलेजची पोरं, त्यांचं नाव आमच्या घरात काढायचं नाही. आणि गॉथिक मेटल, जिच्यात एक बाई देवळात गावं तशी गाते आणि मधूनच रेडा डुरकतो, तिच्या नावात गॉथिक असलं तरी ती या घराण्यातली नव्हेच, नाव लावून हिंडते एवढंच. मी एकदा विचारलं, यातलं दुःखाचं कुठलं? म्हणाले, सगळंच. मग एवढ्या वेगळ्या चुली कशाला, म्हटलं. त्या दिवशी भावजी ताकभात न खाता उठले.

असल्या माणसाचं लग्न कसं जमावं? बेळगुंदीला मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी चांगली, घर चांगलं. मुलीचा भाऊ बिचारा पाहुण्यांचं मन राखायला म्हणाला, आम्हालापण मेटल लई आवडतं. झालं. भावजींनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि मेटल म्हणजे काय आणि काय नव्हे हे सुरू केलं. सूर्य कलला तरी संपेना, मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी. निघताना तिच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टरला दाखवलंय का? मला असा राग आला. आमच्या माणसाला मी काहीही म्हणेन, तुम्ही कोण म्हणणार?

माझी लेक बंगळूरला नोकरी करते. ती एकदा चेष्टेने म्हणाली, काका, तुमचे माग चालू असले की मला इंडस्ट्रियल म्युझिकच वाटतं. तेही एक घराणं आहे म्हणे, यंत्रांच्या आवाजाचं. काकांनी चारही माग बंद करून तिला समोर बसवलं आणि यंत्र वाजवणं वेगळं आणि यंत्राने वाजणं वेगळं, यावर तिला असं काही ऐकवलं की तिची बस चुकली.

आणि मग भेटले निपाणीकर. निपाणीचे फोटोग्राफर, लग्नाचे फोटो काढणारे. गोल गरगरीत, पांढरा शर्ट, कपाळाला गंध, तोंडभर हसू. आमच्या गल्लीत लग्नाला आले होते. जेवणाच्या पंगतीत त्यांचा फोन वाजला, आणि पलीकडच्या पानावर बसलेल्या भावजींच्या हातातला घास हातातच राहिला. फोनवर त्यांचंच, त्या काळोखातलं गाणं. दोघं एकमेकांकडे असे बघायला लागले की जत्रेत हरवलेले भाऊच. त्या दिवशी वऱ्हाडाचे निम्मे फोटो निघायचेच राहिले. मग दर पंधरवड्याला निपाणीकर मोटारसायकलवरून वडगावला यायचे, मला आक्का म्हणायचे, माझ्या हातचं भरलं वांगं मागून घ्यायचे, आणि दोघं माग बंद करून त्या अंधारात बुडायचे. त्या दिवसांत भावजी हसायचेसुद्धा. अख्ख्या मुलखात हे ऐकणारी माणसं किती, तर हे दोघं. मला वाटलं, चला, आता माझी सुटका.

कसली सुटका. निपाणीकरांना आवडायचं पेटीचं, म्हणजे डार्कवेव्ह. एका रविवारी जेवता जेवता ते म्हणाले, गिटार काय आणि पेटी काय, मन तेच हाय, घराणं एकच. भावजी म्हणाले, एक न्हाय. ते म्हणाले, एकच. भावजी म्हणाले, ज्याला गिटारचं आणि पेटीचं एकच वाटतं त्याला कान न्हाईत, त्यानं लग्नात डीजे ऐकावा. निपाणीकरांचं हसू मावळलं. भरलं वांगं अर्धं ताटात तसंच टाकून ते उठले, हात धुतला आणि गाडीला किक मारली. अर्ध्या ताटावरून! माझ्या घरातून! आणि हे आमचे, दारापर्यंतसुद्धा गेले नाहीत. दोघेच्या दोघे होते, आणि तेही फुटले. मी कित्येक दिवस दोघांवरही धुमसत होते. भावजींना म्हटलं, फोन करा. म्हणाले, त्यानं आधी म्हणावं वेगळं हाय म्हणून. वर्षं गेली. दोघांपैकी एकानेही म्हटलं नाही.

मधल्या काळात भावजींनी स्पीकर बदलायचा सपाटा लावला. आणला की चार दिवसांत परत. शहापूरच्या मोबाइलवाल्याशी रोज तंटा, की तू मला खराब माल देतोस, ह्यात बारीक आवाज येतच न्हाय. मीही जाऊन त्या दुकानदाराला चार शब्द बोलून आले. मग गेल्या दिवाळीला लेक आली. मुद्दाम काकांना चिडवायला तिने फोनवर ते इमो लावलं आणि मोठ्याने म्हणाली, काका, हे तुमचं गॉथ रॉक ना? मी कढईतून चकली काढत होते, म्हटलं आता फुटेल बॉम्ब. भावजींनी मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाले, "व्हय. बरं हाय की."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. लेकीने माझ्याकडे बघितलं. या माणसाला उभ्या आयुष्यात मी एकदाही 'बरं हाय' म्हणताना ऐकलं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरकडे मीच नेलं, जवळजवळ ओढत. डॉक्टर म्हणाले, जन्मभर मागाजवळ बसलाय, कानांवर परिणाम होणारच. जाड आवाज ऐकू येतील, बारीक आवाज गेले ते गेले. वडगावात हे नेहमीचं आहे. नेहमीचं! अंगणातला पालापाचोळा नेहमीचा असतो, माणसाचा कान कसा नेहमीचा? मी त्या डॉक्टरला बोलले, पण त्याचा काय दोष. कानात घालायचं यंत्र आणलं. त्यातून भावजींना स्वतःचे मागच तेवढे दुप्पट ऐकू यायला लागले. चार दिवसांत काढून फळीवर ठेवलं. मग मी विचारलं, हे कधीपासून? मग म्हणाले, "वैनी, मला वाटलं स्पीकर बिघडला."

त्यानंतर घर असं शांत झालं की मला जेवण जाईना. भावजी येतात, खाली मान घालून जेवतात, जातात. बातम्यांत कुणी काही म्हणो, कुणाच्या गाडीत काही वाजो, चिडत नाहीत. ज्या संतापाला मी इतकी वर्षं शिव्या दिल्या तो गेला, आणि त्या जागी एक सभ्य म्हातारा येऊन बसला. मला तो अजिबात नको होता. शेवटी मी निपाणीला फोन लावला. आधी मनातलं सगळं बोलून घेतलं, मग भावजींच्या कानांचं सांगितलं. मी म्हटलं, "माझ्या घरातून अर्ध्या ताटावरून उठून गेलायसा. आधी येऊन ते ताट संपवा, मग काय भांडायचं ते भांडा."

रविवारी आले. गंध तेच, पण केस पिकलेले, आणि मोटारसायकलऐवजी स्कूटर. भावजींनी दार उघडलं, बघितलं आणि म्हणाले, जाड झालास रं. एवढंच. मी पानं वाढली. जेवण झाल्यावर निपाणीकरांनी आपला स्पीकर काढून टेबलावर ठेवला आणि काहीतरी लावलं, चांगलं मोठ्याने. मला पहिल्या सुरातच कळलं. त्यांच्या आवडीचंच होतं, पेटीचं. गिटारचा मागमूस नव्हता. मी म्हटलं, हा माणूस इतक्या वर्षांनी पुन्हा खाज काढायला आलाय की काय.

भावजींनी स्पीकरवर तळहात ठेवला. डोळे मिटले. तो जाड आवाज त्यांच्या हातातून वर चढत असावा, कारण हळूहळू मान डोलायला लागली. मग डोळे न उघडताच म्हणाले, "बघ. मागं गिटार कशी घुमत्या बघ. ह्येला म्हणत्यात गॉथ रॉक. तुझ्या पेटीला जमंल व्हय ह्ये?"

निपाणीकर माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे. जिंकायला त्यांना 'पेटी' हा एक शब्द पुरे होता, आणि त्या जिंकण्यासाठीच हा माणूस इतकी वर्षं घरी बसला होता. ते खुर्चीतून पुढे झाले, भावजींच्या कानाशी वाकले आणि त्यांना ऐकू जाईल असं सावकाश म्हणाले, "न्हाय जमायचं, अण्णा. गिटारचं वेगळं, पेटीचं वेगळं."

मग काय विचारता. भावजी खुलले, तावातावाने बोलायला लागले, बेसपासून कणगीतल्या बाप्यापर्यंत सगळं निपाणीकरांना नव्याने ऐकवलं, आणि ते बापडे मान हलवत राहिले.

आता दर पंधरवड्याला येतात. काहीही लावतात. भावजी हात ठेवतात, गॉथ रॉक म्हणतात, निपाणीकर व्हय म्हणतात. आमच्या घरात आता डार्कवेव्ह कधी वाजतच नाही, इमो तर नाहीच नाही. मला मात्र सगळं ऐकू येतं. आत भाकरी थापत असते आणि बाहेर चक्क पेटी वाजत असते, आणि तिला गिटार म्हणत असतात, आणि माझा असा संताप होतो की उठून बाहेर जावं आणि सांगावं, अहो, नव्हे हे! पण नाही सांगत. तव्यावरची भाकरी उलटते आणि मनातल्या मनात एकटीच चिडत बसते. या घरात कुणीतरी चिडायला हवंच ना.