भोकं पाडणारे व्याही

भोक म्हणजे काय हे ज्याला खरोखर कळतं, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझे व्याही होते. माणूस अजून आहे, चांगला धडधाकट आहे. व्याही मात्र राहिलेला नाही. माझ्या मुलीचं आणि त्यांच्या मुलाचं पटलं नाही, दोघं रीतसर वेगळी झाली, आणि अशा वेळी आम्हा मोठ्या माणसांनी एकमेकांचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मुलांना निदान वकील तरी असतात.

हे व्याही मूळचे पुण्याकडचे. सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी भोपाळला आले आणि इथेच निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, नाहीतर सोसायटीच्या राजकारणात पडतात. यांनी लाकडी विमानं करायला घेतली. खेळण्यातली नव्हेत, खरोखर उडणारी, इंजिनाशिवायची. दोऱ्यानं वर चढवायची आणि सोडून द्यायची, मग ती आपली आपण तरंगत खाली येतात. त्यासाठी बाल्सा नावाचं लाकूड लागतं. ते इतकं हलकं की फळी हातात घेतली तरी आपण काही उचललंय असं वाटत नाही. पंखाच्या आत या लाकडाच्या पातळ फासळ्या ओळीनं उभ्या असतात आणि वजन कमी व्हावं म्हणून प्रत्येक फासळीत गोल भोकं पाडायची असतात. इथपर्यंत जगातले सगळे विमान करणारे सारखेच. बाकीचे लोक भोकं पाडून विमान पुरं करतात. आमचे व्याही भोकापाशीच थांबले.

त्यांची माझी पहिली भेट लग्न ठरवताना झाली. ठरवताना म्हणजे मुलांनी आधीच ठरवलं होतं, आम्ही चहापुरते होतो. शाहपुऱ्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे, शाळांचे गणवेश शिवतो, आणि दुकानाच्या मागेच घर आहे. सगळे आत गेले तरी हे बाहेर कापण्याच्या टेबलापाशीच उभे. पट्ट्याला भोकं पाडायचा पंच त्यांच्या हातात होता आणि एखाद्या स्थळाची पत्रिका पाहावी तसे ते तो डोळ्यांजवळ धरून पाहत होते.

"याला धार बाहेरून लावलीय," ते म्हणाले.

"मग?"

"बाहेरून धार लावली की आतून पडणारी चकती सुंदर निघते आणि भोकाची कड दबते. आतून लावली की चकती दबते आणि भोक सुंदर निघतं. तुम्हाला चकती हवी असते की भोक?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "भोक."

"मग तुम्ही इतकी वर्षं चुकीचं हत्यार वापरताय," असं म्हणून ते आत चहाला गेले. नवऱ्यानं मला नंतर विचारलं, माणसं कशी वाटली? मी म्हटलं, "चांगली आहेत. हुंड्याचं कुणी बोललं नाही, धारेचं बोलले."

लग्नात तर त्यांनी कमालच केली. सीमांतपूजनाच्या आधी आमच्याकडच्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, मानपानात व्याह्यांना काय द्यावं? सूट, घड्याळ, चांदीची अत्तरदाणी? त्यांनी जरा लाजत सांगितलं की तुमच्या कपाटावर एक जुना रेडिओ दिसला, त्याची एरियल मिळाली तर बरं होईल. रेडिओ नको. एरियल! आमच्या इंदूरच्या काकांना ही थट्टा वाटली, मग अपमान वाटला, मग ते माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, "आपल्या रेडिओची एरियल मागून त्यांना असं सुचवायचंय का की आपण जुनाट लोक आहोत?" तसं काही नव्हतं. ओढून लांब करायच्या एरियलीत एकात एक बसणाऱ्या पितळी नळ्या असतात, प्रत्येक आधीचीपेक्षा केसभर बारीक. त्या वेगळ्या करून, टोकाला आतून कानशीनं धार लावली की भोकं पाडायच्या हत्यारांचा सगळा संच तयार. ड्रिल चालत नाही, ते या लाकडाचे लचके तोडतं. नळी बोटांत धरायची, हलकेच टेकवायची आणि कुलपात किल्ली फिरवावी तशी फिरवायची. दाबायचं नाही. "दाबलं की संपलं" हे वाक्य ते लाकडाबद्दल बोलायचे. मुलांच्या बाबतीत ते कुणालाच आठवलं नाही.

त्यांच्या दृष्टीनं जगातल्या वस्तूंचे दोनच प्रकार होते: पोकळ आणि निरुपयोगी. छत्रीची दांडी, पडद्याचा दांडा, संपलेली रिफिल, सरबताची स्टीलची नळी, सगळ्यांकडे ते आतून वाकून बघत. एकदा दहा नंबर मार्केटात ते नारळपाणीवाल्यासमोर इतका वेळ उभे राहिले की त्यानं शेवटी विचारलं, "को खाँ, पीना है कि देखना है?" त्याच्याकडे शहाळ्याला भोक पाडायची लोखंडी नळी होती. ती हातात मिळावी म्हणून यांनी एक शहाळं घेतलं. तेवढ्यानं समाधान झालं नाही, तेव्हा दुसरं घेतलं. तिसऱ्या शहाळ्याला त्यानं नळी दिली. यांनी ती उलटसुलट पाहिली आणि खिन्न चेहऱ्यानं परत केली.

"बाहेरून," ते मला म्हणाले. "सगळ्या गावात बाहेरूनच."

त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या विहीणबाई, जिभेला धार लावलेल्या. ती कुठल्या बाजूनं लावली होती हे मी कधी तपासलं नाही, पण भोक स्वच्छ पडायचं. घरात नव्या नळीची चाचणी आधी बटाट्यावर होई, मग पनीरवर, मग ब्रेडवर. "आमच्याकडे भाजी चिरत नाहीत," त्या सांगत, "पोखरतात." त्यांचं खरं दुःख पंख्याचं होतं. कापलेल्या चकत्या आणि फासळ्या टेबलावर पसरलेल्या असत आणि पंखा लावला की सगळं घरभर उडे. त्यामुळे भोपाळच्या मे महिन्यात त्या घरात पंखा बंद. पाहुणे घाम पुसत बसलेले आणि हे उत्साहानं धारेचे प्रकार सांगतायत. वीज गेली की विहीणबाई म्हणत, "झालं, आता सगळ्या सोसायटीत आमच्यासारखंच."

मला मात्र त्या घरी जायला आवडायचं. मी व्यवहारी बाई आहे, दुकान चालवते, ज्याचा उपयोग नाही त्या गोष्टीत मन घालत नाही. पण मापाचं आणि कडेचं वेड असलेला माणूस मला समजतो. मी काज कसे करते हे पाहायला ते दुकानात येत, मी त्यांचं टेबल पाहायला जाई. एका मोठ्या विमानाच्या पंखांना कागदाऐवजी रेशीम चढवायचं ठरलं तेव्हा कापड मीच निवडलं. मुलीच्या लग्नातल्या शेल्याच्या अस्तराचं उरलेलं, पिवळसर, फुंकरीनं हलणारं. आम्ही दोघांनी ते ओलं करून ताणून चिकटवलं. चिकटवून झाल्यावर मी म्हटलं, "व्याहीबुवा, इतकी भोकं पाडलीत, आता एकही दिसत नाही."

"दिसायला कशाला हवीत? विमानाला माहीत आहे."

त्या विमानात त्यांनी एक चूक केली, ती नवशिक्यानं केली नसती, कारण नवशिक्याकडे इतकी हत्यारं नसतात. पंखांत भोकं, शेपटीत भोकं हे ठीक होतं. पण नळ्यांना नुकतीच धार लावलेली, हात थांबेना, आणि त्यांनी विमानाच्या नाकातही भोकं पाडली. मग तोल तपासला तर विमान शेपटीवर बसलं. आता पुढे वजन हवं. वर्षभर कण कण करून जेवढं वजन काढलं होतं, जवळजवळ तेवढं शिसं नाकात परत भरावं लागलं. विहीणबाई आठवडाभर हसत होत्या. ते हसले नाहीत. म्हणाले, "नव्या नाकाशिवाय हे उडवायचं नाही." दिवाळीला मुलं आली की उडवू, असं ठरलेलं ते उन्हाळ्यावर गेलं. उन्हाळ्याचं पुढच्या दिवाळीवर.

पुढच्या दिवाळीला मुलं आली नाहीत. मग कळलं ते कळलं. कोण चुकलं यावर दोन्ही घरांत दोन मतं आहेत, आणि मी माझ्या मुलीची आई आहे, एवढंच सांगते. एका मध्यस्थामार्फत वस्तूंची परतपाठवणी झाली. दागिने गेले, आले. भांडी गेली, आली. व्याह्यांनी निरोप पाठवला की एरियल परत करता येत नाही, क्षमस्व, तिची हत्यारं झाली आहेत. इंदूरच्या काकांना यातही काहीतरी दिसलं. विहीणबाईंचं म्हणणं पडलं की पंखांवरचं रेशीमही सोलून परत करावं, त्या घरचं सूत आपल्याकडे नको. तेव्हा व्याही म्हणे जन्मात पहिल्यांदा बायकोला नाही म्हणाले. सोललं तर फासळ्या मोडतील, असं कारण दिलं. ते खरंही होतं.

त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं थांबलं. मला एखादी चांगली नळी दिसली की सांगायला कुणी नव्हतं. हे नवऱ्याला समजावणं अवघड होतं. मुलीला तर सांगण्यासारखंच नव्हतं.

यंदा थंडी सरता सरता ते अचानक दुकानात आले. गिऱ्हाइकासारखे काउंटरच्या बाहेर उभे. हातात एक शर्ट.

"काज करायचेत."

मी शर्ट पाहिला. "आहेत की काज."

"हो का? बरं." शर्टाची घडी घालता घालता त्यांनी विचारलं, "तुम्ही अजून सकाळी तलावाला पळता?"

"पळत नाही. भरभर चालते."

"तेवढं पुरे. पळणारे लोक दोरा हिसकतात."

मग त्यांनी सांगितलं. फ्लॅट विकला. महिनाअखेर नाशिकला, मुलाकडे जाणार. कायमचे. विमान ट्रकमधून नेता येईल का विचारलं, तर ट्रकवाला पंख बघून म्हणाला, "बाबूजी, इसकी गारंटी नहीं." तेव्हा जे काय उडवायचं ते इथेच. एकानं विमान धरायचं, दुसऱ्यानं दोरा घेऊन वाऱ्यासमोर धावायचं. त्यांचे गुडघे धावत नाहीत.

"सोसायटीत कुणी नाही?"

"आहेत. पण दोरा कधी सैल सोडायचा हे सांगून समजत नाही."

"आणि घरी?"

"घरी सांगितलंय. ती येणार आहे. म्हणाली, गाडीतून उतरणार नाही आणि बोलणार नाही. मी म्हटलं, बोलण्याचं तसं काही कामच नाहीये."

मी मुलीला फोन करून विचारलं. चोरून जाणं मला जमत नाही. ती म्हणाली, "जा ना आई. बाबांच्या विमानाशी माझं काय भांडण?" आणि लगेच स्वतःला सुधारत, "काकांच्या." फोन तिनंच ठेवला.

रविवारी सकाळी बाग सेवनियात त्यांच्या सोसायटीमागच्या मैदानावर गेले तर ते आधीच उभे होते, विमान दोन्ही हातांत धरून. नाक जुनंच होतं, शिसं भरलेलं. पलीकडे कडुनिंबाखाली गाडी, काचा बंद, आत विहीणबाई समोर बघत. मी नमस्कार केला. काच तशीच राहिली.

"मान वळवून बघत धावा," ते म्हणाले. "ओढू नका. त्याला वाटलं पाहिजे की ते स्वतःच चढतंय."

मी ओढणी कमरेला बांधली आणि धावले. या वयात, गणवेशांची डिलिव्हरी बाकी असताना, मैदानात क्रिकेट खेळणाऱ्यांच्या देखत. दोरा हातात आधी जड झाला, मग जिवंत झाला, आणि विमान त्यांच्या हातातून सुटून सरळ वर चढलं. वर जाऊन थांबलं. मी दोरा सैल सोडला, त्याच्या टोकाची कडी विमानापासून सुटून गळून पडली. मग ते वळलं. अगदी सावकाश. पिवळ्या रेशमातून ऊन आरपार येत होतं. चेंडू टाकणारा हात वर धरून तसाच उभा राहिला.

मी धापा टाकत परत आले तेव्हा गाडीची काच खाली होती. विहीणबाई मान बाहेर काढून, डोळ्यांवर हात धरून वर बघत होत्या. तोंड उघडं होतं. त्यांना मी इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं.

व्याही मात्र कपाळाला आठ्या घालून उभे. "अजून थोडं हलकं करता आलं असतं," ते म्हणाले.

"व्याहीबुवा, आता पुरे हो! वर बघा."

जुनी हाक तोंडातून गेली ती गेली. मैदान मोकळं, आवाज लांबपर्यंत जातो. मागे गाडीची काच हळूहळू वर गेली, अगदी शेवटपर्यंत.

विमान फेऱ्या मारत होतं, प्रत्येक फेरी आधीचीपेक्षा जराशी खाली. आम्ही दोघं शेजारी उभे राहून ते पाहत होतो. ते जमिनीला टेकलं की मी स्कूटर काढायची, त्यांनी गाडीत बसायचं, आणि पुढे भेटायला काही कारण उरायचं नाही, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. मी उपयोगाच्या बाहेरचं काही मागणारी बाई नाही. पण त्या वेळी मलाही वाटलं, यांनी अजून दोन-चार भोकं पाडायला हवी होती.