भात्यातून आलेला संप

संपात हरलेल्या गिरणी कामगाराला मूर्ख म्हणताना तुमची जीभ कधी अडखळली आहे का?

आमच्या लालबागच्या चाळीत कुणाचीच अडखळत नसे. मी माद्रिदला निघाले तेव्हा टॅक्सी खाली उभी होती, आई बॅगेत कुळथाचं पीठ कोंबत होती आणि शेजारचे तात्या बाबांना ऐकवत होते, "संप करून गिरणी घालवलीस, आता पोरगीपण घालव!" बाबा मला एवढंच म्हणाले, "लिहिशील ते मोठ्यानं वाच गो."

तो आमच्या घरचा नियम. कामगारांच्या घरांसाठी बाबा पत्रकं काढत. छापण्याआधी गॅलरीत उभं राहून वाचत. छातीत कापसाची धूळ. जिथे त्यांचा दम तुटे, तिथे मी पूर्णविराम द्यायचा. माझी वाक्यं अजून तेवढीच असतात. स्वतःच्या संपाबद्दल मात्र बाबा एकच सांगत, "मूर्ख होतो आम्ही."

इथे मी शाळेत इंग्रजी शिकवते. परवा फाटकावर पोस्टर लागलं : 'उएल्गा'. म्हणजे संप, आम्हा शिक्षकांचा. हा शब्द आला कुठून, असं मी सोबतच्या पिलारला विचारलं. ती स्पॅनिश शिकवते. तिनं धापा टाकून दाखवल्या. लॅटिनमध्ये लोहाराच्या भात्याला 'फॉलिस' म्हणत. त्यावरून भात्यासारख्या धापा टाकणं, मग दम घ्यायला थांबणं, मग विसावा, आणि शेवटी काम बंद.

"आणि मूर्खाला तुम्ही इंग्रजीत 'फूल' म्हणता ना, तोही त्याच भात्यातला. डोक्यात नुसती हवा!" पिलार हसली. मला हसता येईना.

घरी येऊन बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी 'उएल्गा' मोठ्यानं म्हणून बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे मूर्ख नि संपवाले एकाच घरचे? तात्याला सांगू नको हां!" हसता हसता खोकले. आणि पहिल्यांदाच संपाबद्दल बोलू लागले. पहिल्या सकाळी भोंगा वाजला, कुणीच आत गेलं नाही. साचे, म्हणजे माग, बंद. "त्या दिवशी मी माझा श्वास ऐकला गो. आणि मग आम्ही सगळे..."

दम तुटला. आईनं फोन घेतला. "राहू दे आता. दमले ते."

घर म्हणजे आता माझ्यासाठी ते अर्धं वाक्य. ते ऐकायला मी त्या गॅलरीत नाही. तुम्ही आहात. लालबागला, परळला, भोईवाड्यात तुमच्या शेजारी असा एक म्हातारा असेलच. आज त्याच्याजवळ बसा, संपाबद्दल विचारा. त्याचा दम तुटला, तर वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबा.