खाटेवर झोपून बघणारा मिस्त्री

माझी सासू नळावर घसरून पडली तेव्हा आम्हाला दिव्याला राहायला येऊन दोन वर्षं झालेली. त्याआधी ठाण्याला भाड्याने होतो. वागळे इस्टेटमधली ह्यांची कंपनी बंद पडली, भाडं झेपेना, म्हणून दिव्याला चाळीत खोल्या घेतल्या. दोन खोल्या, एकीमागे एक. पुढच्या खोलीला दार, मागच्या खोलीला काहीच नाही. भर दुपारी पण बल्ब लावल्याशिवाय तांदूळ निवडता यायचे नाहीत.

सासूचं खुब्याचं हाड मोडलं. सरकारी हॉस्पिटलात महिनाभर ठेवली. डॉक्टर बोलले, ह्या वयात ऑपरेशन सोसणार नाही, घरी न्या. आता उठणार नाही ही. कुशी बदलत राहा आणि रोज सकाळी उन्हात ठेवा, नाहीतर पाठ सडेल. तिच्यासमोरच बोलले.

हे रात्रपाळीला वॉचमन. सकाळी आले की आम्ही दोघं खाट उचलायचो, मी डोक्याकडून, ते पायाकडून. चाळीची वाट चार हात रुंद, आणि नळाला जायची पण तीच. बायका हंडे घेऊन तिरप्या होऊन जायच्या, चादरीवर पाणी सांडायचं. तोंडावर कोणी काही बोललं नाही. सासूच एक दिवस बोलली, "रोज सकाळी तिरडी उचलता माझी. काय ती एकदाच उचला." त्या दिवसापासून ती बाहेर जाईना. दहा दिवसांत पाठीला जखम झाली, रुपयाएवढी.

आमची खोली शेवटची. बाजूला पूर्वेकडे पाच फुटांची मोकळी पट्टी होती. तिथे एक लांबोडी खोली काढायची, आतून दार फोडायचं, म्हातारीची खाट तिथे ठेवायची. चाळमालक "बांधा" बोलला. पण बांधणार कोण? दिव्यात तेव्हा रोज नवी चाळ उठत होती. ज्याच्या हातात थापी तो कंत्राटदार. मागच्या गल्लीत एकाने बांधलेली भिंत तर सहा महिन्यांत वाकलेली.

लग्नानंतर तीन वर्षं मी कल्याणला बांधकामावर घमेली वाहिलेली. शाळा नाही शिकली, पण वीट कळते. सुकी वीट लावली तर ती सिमेंटचं पाणी पिऊन टाकते, मग सिमेंट धरत नाही. आमच्याकडे प्यायला पाणी नव्हतं, त्यामुळे सगळे सुक्याच विटा लावायचे. पलीकडच्या कामावर एक म्हातारा मिस्त्री मात्र ड्रममध्ये विटा बुडवून ठेवायचा. सोलापूरकडचा माणूस. त्याला मी घरी घेऊन आली.

त्याने टेप काढलीच नाही. विचारलं, "आज्जी डोकं कुठं करून झोपत्यात?" मी दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परत आला. मी तेव्हा सासूला चटईवर घेऊन अंग पुसत होती. बाहेरूनच बोलला, "जरा खाट नेऊ का?" नेली, पट्टीत ठेवली आणि तिच्यावर आडवा झाला. हात सरळ, डोळे सूर्याकडे. बायका हसायला लागल्या. एकीने दारातून सांगितलं, "आजी, तुमच्या खाटेवर मिस्त्री झोपलाय!"

"माझी खाट आण आधी!" सासू ओरडली. "मेल्याने अजून कुदळ मारली नाही आणि झोपला!"

तो खाट घेऊन आला. बोलला, "आज्जी, खिडकी तुमच्या उशाशी, खाली काढाय पायजे. उभ्या माणसाच्या मापानं काढली तर ऊन तुमच्या अंगावरून निघून जाईल."

"गुडघ्याएवढ्या उंचीच्या खिडकीतून कुत्री येतील आत. मला फाडून खातील. चालता हो."

"बरं," बोलला, चपला घातल्या आणि गेला.

मग ह्यांनी गाववाला आणला. आमच्याच गावचा, वरच्या वाडीतला, हल्ली डोंबिवलीला कंत्राटं घ्यायचा. सासूच्या पायाशी बसला. "काकी, ओळखलंत काय मला?" सासूने त्याच्या आजोबापर्यंत ओळख काढली. पऱ्ह्याच्या, ओढ्याच्या काठचा फणस अजून धरतो काय, विहिरीला पाणी किती, अर्धा तास तेच. पडल्यापासून ती पहिल्यांदा हसली. पट्टी त्याने जाता जाता बघितली, पावलांनी मोजली. मी एवढंच विचारलं, "विटा भिजवणार ना?"

तो हसला. "वहिनी, तुम्ही चहा टाका."

मी चहा टाकला. हे बोलले, "आपला माणूस आहे. फसवून जाणार कुठे? गावी तोंड दाखवायचंय त्याला." ते पण खरंच होतं.

बारा दिवसांत भिंत उभी राहिली, वर सिमेंटचे पत्रे, छातीएवढ्या उंचीवर खिडकी, तिला ग्रिल. भिंतीवर पाणी मारायला मी लांबच्या हातपंपावरून रोज दोन हंडे जास्तीचे आणले. गिलावा अर्धा राहिला आणि शिमगा आला. गाववाला बोलला, "पालखी घरी येणार, जायलाच हवं. पाच दिवसांत येतो." शिमग्याला जाणाऱ्याला थांब कोण म्हणणार? आम्ही पण जाणाऱ्यातलेच.

आम्ही खाट आत घेतली. सकाळी ऊन आलं. खिडकीतून आलं, सासूच्या अंगावरून गेलं आणि समोरच्या भिंतीवर जाऊन पडलं. सूर्य वर चढला तसा बाहेर आलेला पत्रा आडवा आला. दहा वाजता ऊन संपलं. समोरच्या भिंतीला मधोमध दार, खाट तिकडे सरकवली तर दारच अडतं. सासू सकाळभर त्या भिंतीकडे बघत होती.

"माझ्यावर कधी येणार गो?"

"येईल," मी बोलली.

पाच दिवसांचा महिना झाला. गावाहून येणाऱ्यांकडे त्याचा निरोप, येतोय, येतोय. जखम तळहाताएवढी झाली. वास यायला लागला. मी कडुलिंबाच्या पाण्याने धुवायची, ती ओठ दाबून पडायची. गाववाल्याला एकदाही तिने शिवी दिली नाही. "पालखी सोडून कोण येतं," एवढंच.

मी ह्यांना विचारलं नाही, तिलाही नाही. मिस्त्रीचं पलीकडचं काम संपलेलं. विचारत विचारत गेली, ठाकुर्लीला एका कामावर सापडला. मला बघून त्याने थापी खाली ठेवली.

"आज्जी हायत न्हवं?"

"आहेत."

"उद्या येतो."

आला तो छिन्नी घेऊनच. खाट मागच्या खोलीत घेतली. खिडकीखालची भिंत फोडायला घेतली तर विटा हाताने निघायला लागल्या. मधलं सिमेंट त्याने बोटात चोळलं, पिठासारखं झालं. मला दाखवलं. दोन हंडे रोज मारलेले मी त्या भिंतीवर.

ती बाजू त्याने पहिल्यापासून बांधली. विटा भिजवायला मी आमचा प्यायच्या पाण्याचा ड्रम दिला आणि शेजारणीकडून दोन कळश्या मागून आणल्या. खिडकी खाली आणली, बाहेर आलेला पत्रा कापला. शेवटी खिडकीला बाहेरून बारीक जाळी ठोकली आणि आत डोकावून बोलला, "आज्जी, आता कुत्रं यायचं न्हाई."

सासूने तोंड भिंतीकडे फिरवलं.

चार दिवस सुकू दिलं, मग खाट आत घेतली. त्या सकाळी मिस्त्री कामावर जायच्या आधी आला आणि दारात बसला. ऊन आलं. आधी तिच्या उशीवर, मग खांद्यावर. मी तिला कुशीवर वळवलं, पाठ उघडी केली. तो लगेच उठून बाहेर गेला, तिथूनच विचारलं, "पडतंय का पाठीवर?"

"पडतंय," मी बोलली.

"बरं मग." आणि गेला.

सासू पाठीवर ऊन घेत बोलली, "ह्यालाच का नाही दिलंस काम आधी?"

"तुम्ही हाकललात."

"मी पडलेली बाई. मी हाकललं म्हणून तू ऐकलंस? एरवी कधी ऐकलंस माझं?"

जखम भरायला तीन महिने लागले. भरली. ती पुढे दोन हिवाळे होती, त्याच खाटेवर.

गाववाला त्याच वर्षी मे महिन्यात आला, फणस घेऊन. सासूने फणस ठेवून घेतला. तो नव्या खोलीत गेला, कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "काकी, खिडकी एवढी खाली कोणी काढली? उभं राहून काही दिसत नाही."

"उभं राहून नाहीच दिसणार," सासू बोलली. "आडवा हो, मग दिसेल."

तो हसला. मग माझ्याकडे बघून बोलला, "वहिनी, चहा टाकता ना?"

मी फणस उचलून मागे नेऊन ठेवला. चहा काही टाकला नाही.