दोन शिट्ट्यांचं मटण

रविवारी आमच्या गल्लीत बाराला मटण ताटात पडतं. आमच्या घरी दोन वाजतात. बायको सकाळी सातला उघडं पातेलं चढवते आणि मी तोवर भुकेल्या पोटानं टोमणे मारत फिरतो. हिला कुकर लावता येत नाही, असं मी मित्रांना सांगायचो. कारण कधी विचारलं नाही. विचारलं तर माहिती मिळते, ही भीती.

एका रविवारी गडहिंग्लजहून माझी थोरली बहीण, आक्का, आली. दोन वाजता ताटावर बसताना बायकोला म्हणाली, “दिवसभर घरातच असतीस की गं. आमच्यात दोन शिट्ट्यांत मटण हुतंय. पोरगी बी बोलंना, मटण बी शिजंना. करतीस तरी काय?”

आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला ऑटिझम आहे, ती बोलत नाही. त्यावर कुणी हसू नये. मी हसलो. ठसका लागेपर्यंत हसलो.

बायकोनं सगळ्यांना रस्सा वाढला. फक्त माझ्या वाटीत तर्री आली नाही. मला तो योगायोग वाटला.

शनिवारी तिनं आक्काला फोन केला. “वन्सं, उद्या या. आम्ही चौघी पन्हाळ्याला चाललोय. तुम्ही आणि ह्यांनी नुसतं घरात बसायचं हाय.”

चौघी म्हणजे थेरपी सेंटरबाहेरच्या बाकावरच्या आया. आत पोरांची थेरपी पाऊण तास चालते. बाहेर कुणी मेथी निवडते, कुणी भिंतीला डोकं टेकून उघड्या डोळ्यांनी झोपते. आठवड्यातल्या पाच दुपारी अशाच. मी एकदा न्यायला गेलो तेव्हा म्हणालो होतो, “मजा हाय तुमची, रोज पार्टी.” चौघींनी एकदम वळून बघितलं होतं. तेव्हाच माझं नाव यादीत गेलं असणार.

निघताना तिनं विचारलं, “काय विचारायचंय का?”

“घरात बसायला शिकवणी लागती व्हय?” मी म्हणालो.

दहापर्यंत मी घामाघूम. बादली नेमक्या रेघेपर्यंत भरली नाही म्हणून मुलीनं ती तीनदा ओतली. मोज्याची शिवण बोटाला लागली, मोजे खिडकीबाहेर. भात दह्याला चिकटला, ताट जमिनीवर. तिला काय हवंय ते ती समोरच्याचं मनगट धरून नेऊन दाखवते. मला तिनं अकरा वेळा दाराशी नेलं. आई हवी होती. शेवटी आक्का आल्या आल्या मुलीला तिच्यावर सोपवून मी मटणाच्या रांगेत पळालो आणि रांग मोठी आहे म्हणून आनंदलो.

परत आलो तर आक्कानं पिशवीतनं नवाकोरा कुकर काढलेला. “भावजयीला दाखवूच,” ती म्हणाली. मी लसूण सोलून दिला.

पहिल्या शिट्टीला मुलीनं कान दाबले. दुसरीला स्वतःचं मनगट चावलं. आणि मी, गॅस बंद करायचा सोडून, म्हणालो, “अजून एक होऊ दे, कच्चं राहील.” तिसरीला ती किंचाळत खाटेखाली गेली. उघड्या पातेल्याचं कारण मला तेव्हा कळलं.

मटण लोण्यासारखं शिजलं होतं. कुणी हात लावला नाही. तीनला आक्का पिशवी उचलून म्हणाली, “माझी एसटी हाय.” मी तिच्या चपला कपाटावर टाकल्या. “शिट्टी केली त्यानं बसायचं.”

“आणि हसला कोण हुता?”

दोघं खाटेसमोर बसलो. मुलगी भिंतीकडं तोंड करून, न जेवता.

साडेपाचला बायको आली. तिनं कुकर बघितला, मग खाट. चांगल्या साडीनिशी फरशीवर आडवी होऊन आत सरकली. आत एक शब्द नाही. आम्हाला तिचे पाय तेवढे दिसत होते. तासाभरानं मुलगी तिचं मनगट धरून बाहेर आली आणि तिला भाताच्या डब्याशी घेऊन गेली.

भात कालवत बायको म्हणाली, “वन्सं, पुढच्या रविवारी बी या. त्याच्या पुढच्या बी.”

“अगं, मला माझं घरदार हाय की.”

“मलाबी हाय.”

मी हळूच म्हणालो, “बरं, पण ती खाटेखाली गेली तर बाहेर कसं काढायचं, तेवढं तरी सांगून ठेव.”

“मला कुणी सांगितलं हुतं?” ती म्हणाली, आणि एका हातानं मुलीला घास देत, दुसऱ्या हातानं तिनं चौघींच्या ग्रुपवर पुढच्या रविवारची गाडी पक्की केली.