रुखवतातली रेल

माझ्या लग्नात रुखवत मांडलं तेव्हा सासरच्या, मेहकरकडच्या बायका हसल्या, हे मी अजून विसरलेले नाही. विसरायचा विचारही नाही. पितळेची भांडी, लोकरीचा पोपट, मण्यांचं तोरण असं सगळं रीतसर होतं आणि त्याच्या मधोमध एका पाटावर वीतभर लांबीचं काळं कुळकुळीत रेल्वेचं इंजिन उभं होतं. एकीनं विचारलं, "हे काय करायचं माय? याच्यात पोहे भाजतेत का?" झालं, सगळ्या हसत सुटल्या. माझ्या सासूबाईही पदराआड हसल्या. बाबा दाराशीच उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि उगाचच पाहुण्यांना पाणी द्यायला निघून गेले.

बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. जलंब ते खामगाव या एवढ्याशा फाट्यावर त्यांनी उभी हयात गाडी नेली आणि आणली. स्वातंत्र्यानंतर एक गोरा साहेब आपल्या देशी परत गेला, तेव्हा त्यानं आपल्या मुलाचं विजेवर चालणारं खेळण्यातलं इंजिन, दोन डबे आणि रुळांची पेटी बाबांना देऊन टाकली. मूळचं ते इंजिन हिरवं होतं. बाबांनी ते काळं रंगवलं, कारण त्यांचं खरं इंजिन काळं होतं. चाकं रुळावर घसरू नयेत म्हणून आत शिशाचे तुकडे बसवून वजन वाढवलं. आत बसलेला टोपीवाला गोरा उपटून काढला आणि त्याच्या जागी लाकडाचा फेटेवाला ड्रायव्हर कोरून बसवला. आमच्या घरी सोनंनाणं बेताचंच. म्हणून त्यांनी स्वतः सगळ्यात जास्त जपलेली वस्तू मला दिली, आणि तिच्यात पोहे भाजतात का म्हणून विचारणा झाली. मला राग येणार नाही तर काय होणार?

सासर भाजीपाल्याच्या मळ्यांचं. मेहकरला रेल नव्हती, एस.टी. होती. त्यामुळे इंजिनाचं कुणाला काही अप्रूप नव्हतं आणि ते वर्षभर फडताळात डाळीच्या डब्यांमागे पडून राहिलं. मग भादवा आला, महालक्ष्म्या बसायच्या झाल्या आणि खामगावहून निरोप आला की दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला बाबा येतायत. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी त्याच क्षणी ठरवलं की यंदाच्या आराशीत बाबांचं इंजिन धावणार, महालक्ष्म्यांभोवती धावणार, आणि रुखवताला हसलेल्या सगळ्या बायकांच्या देखत धावणार. याहून कमी काही मला चालणार नव्हतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मांड बापा. पण बंद पडली तं? देवापुढं बंद पडलेली गाडी बरी दिसते का?"

"नाही पडणार, आत्याबाई."

"तुह्या बापानं सांगतलं का?"

"हाव," मी ठणकावून सांगितलं. बाबांनी असं काही सांगितलं नव्हतं.

मांडायला बसले तेव्हा कळलं की रूळ जोडणं हे काही पाट मांडण्याइतकं सोपं काम नाही. जमीन शेणानं सारवलेली, कुठे उंच कुठे खोल. इंजिन खोलगट जागी आलं की मान टाकायचं. शेवटी नवऱ्यानं मळ्यातल्या खोक्यांच्या फळ्या आणून दिल्या, त्या खाली पसरल्या आणि त्यावर गोल रूळ मांडला. दोन सांध्यांच्या पट्ट्या हरवल्या होत्या, तिथे तांब्याची तार पिळून बसवली. एक सांधा तरीही उचललेला राहायचा, त्याच्या शेजारच्या रुळाखाली पोस्टकार्डाची घडी सरकवली. रुळांना बेताची वीज पुरवणारा डबा साहेबाबरोबरच गेला होता. त्यावर बाबांचा उपाय मला ठाऊक होता. टॉर्चचे सेल एकामागे एक पोकळ बांबूत भरायचे आणि दोन टोकांच्या दोन तारा दोन रुळांना जोडायच्या. सेल कमी केले की गाडी हळू, वाढवले की जोरात, तारांची अदलाबदल केली की उलटी. नवऱ्यानं ती उलटी जाताना पाहिली आणि तो पाट सोडून उठेचना. सकाळपासून मळ्यात वांगी तोडायची होती, ती तशीच राहिली.

डब्यांना मी माझ्या मनासारखं सजवलं. एकात हळदकुंकवाच्या पुड्या. दुसऱ्यात कणकेची इवली इवली वांगी, दोडकी, गाजरं, रंगवून वाळवलेली. आमच्या मळ्यातला माल रेलनं चाललाय असा तो देखावा होता, आणि माझा मलाच तो फार आवडला.

पहिल्या दिवशी संध्याकाळी महालक्ष्म्या बसल्या. रुळाच्या गोलाच्या आत दोघी उभ्या, डोक्यावर फुलोरा टांगलेला, समोर समया. त्या गोलाच्या आत कोण जाणार, तर आत्याबाई. ज्या हातांनी बसवल्या तेच हात आत जातील, असा त्यांचा दंडक होता. मी बाहेरून सामान पुरवत होते. सगळं आवरल्यावर मी तारा लावल्या. इंजिन हललं नाही.

सेल बदलले. तारा घासल्या. तारांना बोट लावून पाहिलं. इंजिन ढिम्म. जवळ वाकून पाहिलं तेव्हा समईच्या उजेडात रूळ पिवळेधमक चमकत होते.

"आत्याबाई, रुळाले काय लावलं?"

"हळद-तेल," त्या समाधानानं म्हणाल्या. "नवी गाडी घरात आली अन् तिले तेल नाही? चाकं बी कोरडी होती तिची. सगळी न्हाऊ घातली. पाह्य, कशी पळते आता."

त्यांचं काय चुकलं? बैलगाडीचा आस वंगण मागतो हे त्या घरात लहान पोरालाही ठाऊक. रेलचं उलट असतं, तिला कोरडा लखलखीत रूळ लागतो, नाहीतर वीज चाकात शिरतच नाही, हे मेहकरात कुणाला कसं ठाऊक असणार? हे सगळं मला आज सुचतं. तेव्हा माझं डोकं असं सणकलं की मी मागच्या अंगणात जाऊन भांडी घासायला बसले, आणि ती अशी आपटली की शेजारीण भिंतीवरून डोकावून गेली.

आत्याबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "पुसून टाकू ना मग."

"एकदा बसल्यावर काही हलवत नाही म्हणता ना तुमी?"

त्या विचारात पडल्या. आराशीतली वस्तू तिसऱ्या दिवशीपर्यंत जागची हलवायची नाही, हा त्यांच्या सासूपासूनचा नेम. मग म्हणाल्या, "वस्तू हलवायची नाही. पण गाडी हलली तं? गाडीचं कामच ते हाये."

मी भांडं खाली ठेवलं.

सकाळी उठून आम्ही दोघींनी युक्ती केली. भाजीच्या डब्याच्या पोटाला मांजरपाटाची जाड पट्टी बांधली, अशी की ती दोन्ही रुळांवर घासत जाईल. प्रश्न होता तेल कशानं निघेल याचा. निघणार घासलेटनंच. महालक्ष्म्यांपुढं घासलेट म्हणताच आत्याबाईंचा चेहरा उतरला. नवरा म्हणाला, दवाखान्यातून स्पिरिट आणतो. "दारू? देवापुढं?" त्याची तिथेच वाट लागली. पुन्हा विचार झाला, आणि पुन्हा त्याच म्हणाल्या, "कंदिलात काय असते? घासलेटच ना? कंदील चालते, तं मंग हे बी चालते."

आणि मग आत्याबाई, वय झालेल्या, गुडघे धरलेल्या, रांगत रांगत महालक्ष्म्यांच्या मागे शिरल्या आणि तो डबा बोटानं ढकलत गोल फिरू लागल्या. मी बाहेरून सांगत होते, "थोडं दाबा. तिथं सांधा हाये, हळू." एका फेरीत पट्टी पिवळी झाली. नवी बांधली. पुन्हा फेरी. तिसऱ्या खेपेला आतून हसण्याचा आवाज आला. "काय झालं?" विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही वं. मले लय मजा येऊन राह्यली." मग घासलेटची चिंधी रुळावर धरून त्यांनी इंजिनाची चाकं तिच्यावर फिरवून पुसून घेतली. इंजिनाच्या कपाळावर त्यांनीच लावलेलं कुंकू मात्र राहू दिलं. मीही म्हटलं, राहू द्या.

दुपारी बाबा एस.टी.नं आले. धोतर, काळा कोट, हातात केळ्यांची पिशवी. ओसरीवर गल्लीतल्या बायका जेवणाआधी दर्शनाला थांबलेल्या, त्यातल्या बऱ्याच रुखवताच्या दिवशीच्याच. बाबांनी त्यांना पाहिलं आणि ते दाराशीच घुटमळले. मी तारा लावल्या.

इंजिन हललं. आधी जरासं हिसकलं, मग फळ्यांवर खडखड करत महालक्ष्म्यांच्या मागे गेलं आणि दुसऱ्या बाजूनं पुढे आलं, कुंकू लावलेलं, फेटेवाला ड्रायव्हर घेऊन, वांगी-दोडक्यांचा माल ओढत. बायका माना लांब करून पाहू लागल्या. एक म्हणाली, "मेहकरले रेल आली वं." मला तेव्हा इतका आनंद झाला की हातातली एक तार सुटता सुटता राहिली.

बाबा पुढे आले. कोट काढून त्यांनी बाजूला ठेवला, महालक्ष्म्यांना हात जोडले आणि मग सरळ पालथे पडले, गाल जमिनीला लावून, नजर रुळाच्या उंचीला. तेवढ्या खालून पाहिलं की ते इंजिन खऱ्याएवढं दिसतं. समोरून गाडी यावी तसं ते त्यांच्या अंगावर येत होतं आणि वळून जात होतं. सेवानिवृत्तीनंतर त्यांनी खरं इंजिन एवढ्या जवळून पाहिलंच नव्हतं. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते उठायचं नाव घेईनात.

बायकांना वाटलं व्याही साष्टांग नमस्कार घालतायत. पण किती वेळ? मागे कुजबुज सुरू झाली. कुणीतरी हसू दाबलं, ते मला ओळखीचं वाटलं आणि माझ्या अंगाचा भडका उडाला.

आत्याबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. बाबा काय पाहतायत हे त्यांना कळलं होतं, कारण सकाळी त्याच जमिनीवरून त्याही रांगल्या होत्या. त्या पुढे झाल्या, बायका आणि बाबा यांच्या मध्ये आपलं लुगडं सावरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जराकशा थांबा. आमचे व्याही नमस्कार करून राह्यले."

मग मागे न वळता माझ्यापुरतं हळू म्हणाल्या, "तू चालव, पोरी. थांबवू नको."