न जोडलेल्या दोन रेषा

गल्लीच्या वळणावर शिवणयंत्रामागे बसणाऱ्या त्या बाईंना सगळे टेलरबाई म्हणत. फाटलेलं, उसवलेलं, काहीही आणा, बाई जोडून देत. बीजगणितात त्या नापास झाल्या त्याही या जोडण्यापायीच.

शिवणशाळेत शिकवायचं त्यांच्या फार मनात होतं. तिथली जागा त्यांच्यासाठी राखलेलीही होती, फक्त पूर्वी अर्धवट सोडलेल्या शाळेची शेवटची परीक्षा तेवढी पास व्हायची होती. पेपरात एक भागिले क्ष, याचा आलेख आला. बाईंनी सगळे बिंदू नेमके मांडले. एक वक्ररेषा वर उजवीकडे, दुसरी खाली डावीकडे. आणि मग दोन्ही तुकडे मधून रेघ ओढून जोडून टाकले.

"आई, अहो जोडलंत कशाला?" सुनेने कपाळाला हात लावला.

"मग काय, उसवलेलं देऊ?"

दुसऱ्या परीक्षेआधी सून त्यांच्यासमोर कापड घेऊनच बसली. "हे एक चौरस मीटर. पन्हा दोन मीटर हवा, तर लांबी?"

"अर्धा मीटर."

"पन्हा अर्धा?"

"लांबी दोन. पाव केलास तर चार. अगं, नाडीच व्हायला लागली की याची."

"आणि पन्हा शून्य?"

बाईंची कातर हवेतच थांबली. "तसलं कापड कुठल्या दुकानात मिळतं?"

"कुठेच नाही. म्हणून तिथे बिंदूही नाही."

"आणि उणे पन्हा?"

"ते शिवायला घेऊ नका. उणे दोनला उणे अर्धा, एवढं मांडा फक्त."

त्या दुपारी यंत्र चालवता चालवता बाईंची नजर खिडकीबाहेर गेली. कापडाची पट्टी बारीक होत होत निघाली होती, छपरांवरून, तारांच्या पलीकडे, उभ्या अक्षाला लगटून. टेकेल टेकेल म्हणावं तर टेकतच नव्हती. किती तरी वेळ त्या तिच्यामागून जात राहिल्या.

परीक्षेत पुन्हा तोच आलेख आला. पहिली वक्ररेषा झाली, दुसरीही झाली. मधली मोकळी जागा बघून बोटं शिवशिवली. बाईंनी पेन्सिल उचलून बाजूला ठेवली.

"जोडलं नाहीत ना?" दारातच सुनेने विचारलं.

"नाही बाई. पण हाताला चुटपुट लागलीय अजून."

पास झाल्याचं सुनेने सांगितलं तेव्हा बाई एका बाहीला टीप मारत होत्या. यंत्र थांबलं नाही. नुसतं जरा हळू झालं.